चिठ्ठीत नसलेलं औषध

९ जानेवारी

ठकू,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पहिलं पान तुझ्या आईचं आहे. तेवढं वाच आणि मग फाड.

ताई बरी आहे. म्हणजे दवाखान्यातून आणली तेव्हा होती त्याहून बरी. उजवा हात उशीवर ठेवला तर उशीवर राहतो, पोटावर ठेवला तर पोटावर. पाय मात्र थोडा जोर धरायला लागलाय. व्यायाम शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येते आणि तिला पलंगाच्या कडेला बसवून मोठ्यानं आकडे मोजते. मध्ये एकदा ती अकरानंतर तेरा म्हणाली, तर ताईनं डोळे वटारले. पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. वाचा गेली, पण चूक दिसली की भुवई वर जायची ती जातेच. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

‘हं’ आणि ‘नको’ एवढंच बोलते. समजतं मात्र सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या सहा महिन्यांत काय येईल ते येईल, मग फारसं नाही. पाणी घट्ट करून द्यावं लागतं, त्याची पावडर मिळते. नाहीतर ठसका लागतो. कुशीवर वळवायला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू येतात. मी एकटीनं उचलायला गेले तेव्हा दोघी मिळून खाली बसलो होतो. तुला सांगणार नव्हते, पण लागलं नाही कोणाला.

आता दुसरं पान. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू म्हणालीस, ‘तुझ्या त्या झाडपाल्यानं माझी आई घालवली.’ मी ते मनात धरून बसलेले नाही. आई अशी पडलेली पाहिल्यावर कोणाचीही जीभ सुटेल. पण जाताना म्हणालीस, ‘आईला मी तिकडे घेऊन जाणार, तुझ्यापाशी ठेवणार नाही,’ ते मात्र सहा आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही. ठकू, तुझा मामा गेला, आईबाबा गेले, लग्न मी केलं नाही. ह्या दोन खोल्यांत ताई आणि मी. तिला नेलीस तर मी कोणाशी बोलू? आत्ताही ती बोलत नाही, पण मी तिच्याशी दिवसभर बोलत असते.

वैद्यकाकांवर तू तक्रार केलीस ते कळलं. दोन सरकारी माणसं त्यांच्या चिनी औषधांच्या दुकानात आली, मी पुड्या बांधते तिथेच, खण उघडून बघितले, चिठ्ठ्यांची चवड पिशवीत घालून घेऊन गेली. चौकशी संपेपर्यंत नवीन रोगी घ्यायचे नाहीत असा कागद दाराला चिकटवलाय. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस खुर्चीत बसून त्या कागदाच्या मागच्या बाजूकडे बघत असतो. मी त्यांची बाजू घेत नाही. कोणाचीच घेत नाही. फक्त काय चाललंय ते कळवलं.

तुझी मावशी

२७ जानेवारी

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. मोजून दोन ओळी. ‘तुझी पत्रं आईला वाचून दाखव. मला एवढंच सांग, शेवटच्या आठवड्याच्या पुड्या कोणी बांधल्या?’ अक्षर अगदी आईसारखं झालंय तुझं, फळ्यावर लिहिल्यासारखं.

सांगते. पण मला सुरुवातीपासून सांगू दे, कारण तू इथे नव्हतीस.

पाळी गेली तेव्हा ताई बावन्नची. ‘सुटले एकदाची,’ म्हणाली. सुटतेय कसली. वर्षभरात अंगातून वाफा निघायला लागल्या. बोलता बोलता चेहरा लाल, मान घामानं ओली, आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते म्हणून शाल. भर थंडीत खिडकी सताड उघडी टाकायची आणि मी लावली की भांडायची. रात्र रात्र झोप नाही. वर्गात कधी आवाज न चढवणारी बाई, एका चमच्यावरून माझ्यावर ओरडली आणि मग स्वतःच रडली. निवृत्त होताना तपासणी झाली त्यात बीपी निघालं. वरचं एकशे बहात्तर, खालचं शंभर. पहिल्या गोळीनं पाय सुजले, दुसरीनं खोकला लागला. तिसरी लघवी जास्त करणारी, ती मानवली, पण आकडा एकशे पंचावन्नच्या खाली उतरेना. तेव्हा फोनवर तू म्हणालीस, ‘आई, ह्या वयात होतंच ते.’ तुझं चुकलं नाही. पण ती दोन दिवस घुम्यासारखी बसून होती.

मी तिला दुकानात ओढून नेली असं तुला वाटतं. तसं नाही. मी एकदा डबा विसरले, तो द्यायला ती आली आणि तिथल्या बाकावर बसून राहिली. समोर दोनशेच्यावर लाकडी खण, प्रत्येकावर चिनी अक्षर. तिला ते आवडलं. म्हणाली, ‘निदान इथे सगळं जागच्या जागी आहे.’

वैद्यकाकांनी तिच्या दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, ‘जीभ दाखवा.’

ताई म्हणते, ‘पस्तीस वर्षं मुलांना जीभ दाखवू दिली नाही मी. आता मीच दाखवू का?’

ते हसले. जीभ बघितली आणि म्हणाले, ‘खालचं पाणी आटलंय, म्हणून वरचा जाळ भडकतो. जाळावर धावून जायचं नाही. पाणी भरू हळूहळू.’ ताईला हे पटलं. गणिताच्या बाईंना पटलं म्हणजे बघ. पण त्याआधी त्यांनी अट घातली होती. डॉक्टरची गोळी बंद करायची नाही, केलीत तर पुडी मिळणार नाही. चिठ्ठीवर लाल शाईत तेच लिहिलंय. ती चिठ्ठी तुझ्याकडेच आहे.

आता पुड्यांचं. ते चिठ्ठी लिहितात. मी काउंटरवर सात कागद ओळीनं मांडते, सात दिवसांचे सात. मग एकेक जिन्नस खणातून काढायचा, हातातल्या तराजूवर तोलायचा आणि सात ढिगांत वाटायचा. ताईच्या पुडीत शेवंतीची वाळलेली फुलं, शिंपल्याचे तुकडे, एका वेलीच्या वाकड्या काट्यांच्या काड्या आणि सहा-सात प्रकारची मुळं. शिंपले आधी अर्धा तास उकळायचे, काट्यांच्या काड्या शेवटची पाच मिनिटं. ढीग झाले की वैद्यकाका चिठ्ठी हातात घेऊन ताडून बघतात, मान हलवतात, आणि मगच मी कागद दुमडते. चौदा वर्षांत एकही ढीग त्यांनी परत तोलायला लावला नाही.

तू जाताना आईच्या आलेखाचा कागद घेऊन गेलीस. रोज सकाळी यंत्र लावायचं, मी आकडा वाचायचा आणि तिनं चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायचा. नऊ आठवडे रेघ खाली उतरत आली, पार एकशे अडतीसपर्यंत, आणि मग एका सकाळी दवाखान्यात दोनशे दहा. म्हणून तुझं म्हणणं, शेवटच्या आठवड्यात पुडीत काहीतरी भलतं पडलं. हिशेब बरोबर आहे तुझा. आईची लेक शोभतेस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुड्या मीच बांधल्या. चिठ्ठीत होतं तेच, होतं तेवढंच. त्यांनी ताडून बघितल्या. ह्यात एक अक्षर खोटं नाही.

मावशी

१६ फेब्रुवारी

ठकू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण सगळं लिहिलंही नाही. तू औषधं शिकलीस, दिवसभर दवाखान्याच्या औषधखोलीत गोळ्या देतेस. तुला कदाचित वाटलंही असेल की एवढं तोलून मापून लिहिणारी मावशी कशाच्या तरी भोवती फिरतेय.

आधी दुकानाचं. जुने रोगीही येईनासे झालेत. दाराला सरकारी कागद बघितला की लोक दुसऱ्या फूटपाथवरून जातात. परवा एक बाई तिच्या उरलेल्या पुड्या परत घेऊन आली, कागदसुद्धा न उघडलेल्या. वैद्यकाकांनी पुड्या घेतल्या आणि एकेक जिन्नस निवडून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकत बसले, दुपारभर. फेकून द्या म्हटलं तर म्हणाले, ‘ह्यांनी काय केलंय?’ मला तिथे उभं राहवेना. मी मागे जाऊन रिकामे कप पुन्हा धुतले.

मला जबाबाला बोलावलंय. ३ मार्च, सकाळी अकरा.

काढा कडू होता, ठकू. तू चाखला नाहीस. तो नुसता कडू नाही, जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो. ताई पहिले दहा दिवस नाक दाबून प्यायली. आणि आकडा खरंच उतरला होता, एकशे अठ्ठेचाळीस. अकराव्या दिवशी तिनं पेला सिंकमध्ये ओतला. ‘ह्यापेक्षा बीपी परवडलं,’ म्हणाली. ‘तुझ्या म्हाताऱ्याला सांग, मला नको.’

तेव्हा मी काढ्यात ज्येष्ठमधाचा एखादा तुकडा टाकला. दोन-तीनदा असेल. चव मारायला. ती प्यायली.

मी हा शब्द लिहिला तिथेच तू थांबली असशील. पण माझंही ऐक. दुकानातल्या दहा चिठ्ठ्यांपैकी आठांच्या शेवटी ज्येष्ठमध असतोच. बाकीची औषधं एकमेकांशी भांडू नयेत म्हणून तो घालतात. वैद्यकाका त्याला घरातला मोठा माणूस म्हणतात. हिच्याच चिठ्ठीत नव्हता. मला वाटलं म्हातारा विसरला. वय झालंय, चष्म्यावर चष्मा लावून लिहितात. आणि तुझ्या खोकल्याला लहानपणी आपण तेच चघळायला द्यायचो, तुला काही झालं का?

हे मी का लिहितेय मला माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणशील. दोन-तीन तुकड्यांनी कोणाला झटका येत नाही, हे तूच मला कळव. तुझ्या पुस्तकांत बघून कळव.

मावशी

२ मार्च

ठकू,

तू कळवलं नाहीस. बरं केलंस. खोट्या प्रश्नाला खरं उत्तर देऊन तू तरी काय करणार.

उद्या अकराला जबाब आहे. तिथे जे सांगायचं ते आधी तुला सांगते, म्हणजे कोणा परक्याच्या कागदावरून तुला कळायला नको. ताई दुपारची झोपलीय. ती उठायच्या आत लिहून संपवायचं आहे.

दोन-तीनदा नव्हे. सात आठवडे, रोज. आधी एक तुकडा, मग दोन, आणि शेवटी शेवटी मूठभर, कारण गोडाची सवय लागली की तेवढं गोड पुरत नाही. दुकान बंद करताना खणातून काढायची, एप्रनच्या खिशात टाकायची, आणि इथे घरी भांड्यात. पुड्या खरंच चिठ्ठीप्रमाणे होत्या. म्हणून तर मी तुला तसं लिहू शकले.

म्हातारा विसरला नव्हता. मी कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका गृहस्थांच्या चिठ्ठीत ज्येष्ठमध नाही म्हणून मी शहाणपणानं विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बीपीवाल्याला हा द्यायचा नाही. अंगात पाणी धरून ठेवतो, रक्ताचा जोर वाढवतो. गोड आहे म्हणून गरीब नाही.’ शब्दन् शब्द आठवतो मला. ताईच्या भांड्यात पहिला तुकडा टाकताना पण आठवत होता. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. चौदा वर्षं खण उघडून बंद केले म्हणजे विद्या आली असं वाटलं मला. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले.

का केलं ते विचारशील. ती काढा सोडेल ह्याची भीती होती हे खरं, पण तेवढंच नाही. ठकू, मी ताईहून पाच वर्षांनी लहान. तिनं मला वाचायला शिकवलं, माझ्या फिया भरल्या, मी नापास झाले तेव्हा बाबांसमोर ती उभी राहिली. सगळ्या घरात शहाणी ती. मी कोण? पुड्या बांधणारी. आणि आता ती रोज सकाळी मला विचारायची, ‘आज काढा जेवणाआधी घेऊ की नंतर?’ आयुष्यात पहिल्यांदा ताई माझं ऐकत होती. ते सुख मला सोडवेना. त्यासाठी मी काहीही घातलं असतं त्यात.

आता आलेख. चौथ्या आठवड्यात यंत्रानं एकशे साठ दाखवलं. मी सेल बदलले. पुन्हा एकशे बासष्ट. ताईला चष्म्याशिवाय यंत्रावरचं दिसत नाही, आणि सकाळी तिचा चष्मा कुठेतरी असतो. तिनं पेन्सिल धरून विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, ‘एकशे चव्वेचाळीस.’ तोंडातून निघून गेलं. मग दुसऱ्या दिवशी एकशे साठ कसं सांगणार? उतरत्या रेघेला उतरतंच सांगावं लागतं. शेवटच्या आठवड्यात यंत्र एकशे नव्वद दाखवत होतं आणि ताई एकशे अडतीसवर ठिपका देत होती, पट्टी लावून, सुबक. पाय जड झालेत म्हणायची. जिन्यात मध्येच बसायची. ‘आकडा तर छान आहे,’ म्हणायची, ‘मग अशी गळून का जाते मी?’ आकड्यावर तिचा विश्वास होता. तिचा आयुष्यभर आकड्यांवरच विश्वास.

म्हणजे तू ज्या कागदाच्या जोरावर वैद्यकाकांना धरलंस, तो कागद माझा आहे. ठिपके तिचे आणि आकडे माझे.

आणखी एक. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू व्हरांड्यात आलीस आणि विचारलंस, ‘मावशी, आई ज्येष्ठमध वगैरे खायची का गं? रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय, डॉक्टर विचारतायत.’ मी म्हटलं, ‘नाही.’ तू लगेच आत गेलीस. पाच दिवस ते कारण शोधत राहिले, ह्या तपासण्या, त्या तपासण्या, आणि मी बाहेर बाकावर तुझ्यासाठी चहा घेऊन बसलेली. तो ‘नाही’ मला सगळ्यात जास्त खातो. आधीच्या सगळ्याला निदान माया होती असं म्हणता येईल. त्या ‘नाही’ला काय म्हणू? तू मला सोडून जाशील एवढीच भीती होती.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. ती म्हण ज्यानं केली त्यानं मला पाहिलेलं नव्हतं.

हे वाचून तू ताईला नेशील. कायद्यानं, हक्कानं, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही नेलं असतं. हे कळून लिहितेय. गेले तीन महिने मी रोज सकाळी ठरवते की आज सांगायचं, आणि रोज तिचे केस विंचरताना ठरवते की उद्या. पण चोर सोडून संन्याशाला सुळी होताना मी काउंटरमागे उभी राहून बघू शकत नाही. बघितलं, बरेच दिवस बघितलं. आता होत नाही.

ताई कूस बदलायला बघतेय. जाते.

मावशी

८ मार्च

ठकू,

जबाब झाला. लिहून घेणारे गृहस्थ सभ्य होते. ‘किती वजन असेल अंदाजे, रोजचं?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मूठ करून दाखवली. त्यांनी टेबलावरच्या कागददाबाकडे बघून काहीतरी आकडा लिहिला.

मला वाटत होतं, मी सांगितलं की वैद्यकाका सुटतील. तसं नाही झालं. आज निकाल ऐकायला आम्हा दोघांना बोलावलं होतं. औषधात दोष नाही असं ठरलं, पण चिठ्ठीशिवाय नोकर माणूस खणातून औषध नेतो आणि मालकाला पत्ता नाही, हा त्यांचा दोष. सहा महिने परवाना बंद. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सहा महिने म्हणजे कायमचंच.

बाहेर पायऱ्यांवर ते माझी वाट बघत उभे होते. मला वाटलं बोलतील, शिव्या देतील, मी तयार होते. ते म्हणाले, ‘तो खण दर महिन्याला मी तोलतो. कमी होत होता. मला वाटलं, तुझा घसा धरतो, तू चघळत असशील. विचारायचं राहिलं.’ मग हात पुढे करून म्हणाले, ‘दुकानाची किल्ली दे.’ मी दिली. ते बसमध्ये चढेपर्यंत मी तिथेच होते. त्यांना वरची पायरी चढता येत नव्हती, एका कॉलेजच्या मुलीनं हात दिला.

घरी आले आणि ताईला सांगितलं. तुला लिहिलं, सरकारला सांगितलं, आणि जिच्या पोटात घातलं तिला सांगायचं राहिलेलं. तिची खुर्ची खिडकीकडे होती ती मी माझ्याकडे वळवली. काही वगळलं नाही. आलेखाचं सांगताना माझा आवाज गेला, तेव्हा ती थांबली, मी पुन्हा सुरू करेपर्यंत, एखाद्या मुलाचं उत्तर अडलं की थांबायची तशी. सगळं ऐकून झाल्यावर तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. मग डोळे मिटून घेतले. रडली नाही. मी पाया पडले तर पाय मागे घेता येत नाही तिला, म्हणून पडले नाही.

तुला हवं तेव्हा ये. मी आडवी येणार नाही.

मावशी

१९ मार्च

ठकू,

तुझ्याकडून काही आलं नाही. पण आता हे पत्र वाचून उत्तर देऊ नकोस, निघूनच ये.

मी सांगितलं त्या संध्याकाळपासून ताई माझ्या हातचं खात नाही. चमचा जवळ नेला की ओठ मिटते. मान फिरवत नाही, रागावत नाही, माझ्याकडे बघत बघत ओठ मिटते. मी म्हटलं उद्या खाईल. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी नाही, गोळी नाही. ‘ताई, तूच बघ, नुसता मऊ भात आहे,’ म्हणून मी तिच्यासमोर दोन घास खाल्ले. ती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घाबरले आणि शिंपीणकाकूंना हाक मारली. त्यांनी घरून वाटीभर सूप आणलं, पलंगाशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, माझ्या हातचं आहे, बेचव असेल, चालवून घ्या.’ ताईनं तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली. गोळीही घेतली. मी दाराशी उभी होते. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

पण काकूंना शिलाईची कामं असतात, त्या दिवसातून तीनदा कुठून आणणार? म्हणून चौथ्या दिवसापासून स्वयंपाक मी करायला लागले आणि वाटी त्यांच्या हातात द्यायला लागले. काकू कुरकुरल्या. म्हणाल्या, ‘मला हे बरं वाटत नाही हो.’ मी म्हटलं, ‘पोटात जातंय ना, मग झालं.’ तेव्हापासून त्या आत जाऊन म्हणतात, माझ्या हातचं आहे. आणि ताई खाते. चांगलं खाते. काल दोनदा मागून घेतलं, ‘हं’ म्हणून. मी दाराआड उभी राहून चमचा वाटीला लागल्याचा आवाज ऐकत असते.

आज सकाळी सूप थोडं अळणी झालं होतं. मी मीठ घालायला डबा उघडला आणि माझ्या मनात आलं, बीपी आहे तिला, पण चव नसेल तर खाणार नाही, एवढ्यानं काय होतंय, तिला कुठे कळणार आहे.

ठकू, माझा हात डब्यातच राहिला.

मीठ मी घातलं नाही. पण ते सांगून मला सुटायचं नाही. वाटी मी तशीच काकूंना दिली, त्या आत गेल्या, ‘माझ्या हातचं’ म्हणाल्या, आणि माझी बहीण विश्वासानं जेवली. पुन्हा. सगळं सांगून, जबाब देऊन, नोकरी घालवून, अकरा दिवसही झाले नाहीत आणि पुन्हा मी तेच करतेय.

ती वाटी धुवून मी हे लिहायला बसलेय. काकूंना सांगितलंय, तू येईपर्यंत त्यांनीच शिजवायचं, मी सामान आणून देईन आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. त्या तयार आहेत, पण चार-पाच दिवस, त्याहून जास्त नाही.

तेव्हा ये आणि तिला घेऊन जा. शिक्षा म्हणून नव्हे, तू रागावलीस म्हणून नव्हे. तिला फसवल्याशिवाय मला तिच्या पोटात घास घालता येत नाही, म्हणून.

मावशी